वाचकांचे प्रश्न : सत्काराची शाल आणि सात-बारावरचे नाव

मार्च महिन्यात या सदरासाठी आलेली बहुतेक पत्रे महिला दिनाच्या निमित्ताने लिहिलेली होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेत दरवर्षी ८ मार्चला हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, पैठणीची सोडत आणि दोन ज्येष्ठ महिलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार असा कार्यक्रम होतो. या वर्षी कार्यक्रम संपल्यावर एका तरुण सभासद महिलेने, ‘यात समानता कुठे आहे? पुढच्या वर्षीपासून हे बंद करा,’ असे सर्वांसमोर म्हटले आणि वाद झाला. मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली आहे. गेल्या वर्षी पतीचे निधन झालेल्या एक भगिनी आल्या होत्या. त्या मागच्या रांगेत बसल्या आणि कुंकवाचा करंडा जवळ येताना दिसताच उठून निघून गेल्या. संस्थेचा सचिव या नात्याने मी काय करावे?

उत्तर : आपल्याला जी गोष्ट लागून राहिली, तेथूनच सुरुवात करू. माझे वडील गेले त्या वर्षी मी अकरावीत होते. संक्रांतीला शेजारच्या काकूंनी आईला आग्रहाने बोलावले, तेव्हा आई गेली खरी. पण करंडा जवळ येताच तिने पदर कपाळावर ओढून घेतला आणि ‘मला नको, मुलीला लावा,’ असे म्हणाली. काकूंच्या मनात काडीचाही दुजाभाव नव्हता, तरीही आईने स्वतःच स्वतःला वगळले, कारण वगळले जाण्याची वाट पाहण्यापेक्षा ते सोपे होते. आपल्या संस्थेतील त्या भगिनींनी बहुधा तेच केले असावे.

हळदीकुंकू मुळातच टाकाऊ आहे, असे मला वाटत नाही. याच पुण्यात १८५२ सालच्या संक्रांतीला सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ केला होता. त्यासाठी कोणत्याही जातीच्या स्त्रियांना बोलावले होते, सर्वांना एकाच जाजमावर बसवायचे आणि भेद न करता हळदीकुंकू लावून तिळगूळ द्यायचा, असे आधीच जाहीर केले होते. ज्या काळात जातीबाहेरच्या बाईच्या सावलीचाही विचार होत असे, त्या काळात ओळखीचाच एक घरगुती सोहळा हाती घेऊन त्याची बसण्याची जागा तेवढी बदलण्यात आली, आणि त्या बदललेल्या जाजमामुळे तो सोहळा सामाजिक क्रांतीचा भाग झाला. अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचे आहे. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याला जे ठराव करून सांगता आले, ते ८ मार्चच्या निमंत्रणात एका ओळीत लिहिणे कोथरूडमधील संस्थेला अवघड जाऊ नये.

एक काळजी मात्र घ्या. त्या भगिनींना पुढे बसवून ‘विधवा सन्मान’ म्हणून वेगळा सत्कार करू नका, कारण त्यामुळे मागच्या रांगेतले वेगळेपण फक्त पुढच्या रांगेत येते. कार्यक्रमाच्या आधी कोणीतरी जवळच्या बाईने त्यांच्या घरी जाऊन, ‘आपण हळदीकुंकू द्याल का?’ असे विचारावे. करंडा त्यांच्या हाती आला, तर घेणाऱ्या बायकांनाही आपले मन तपासावे लागेल. त्यांना स्वतःलाच कुंकू नको असेल, तर तोही त्यांचा अधिकार आहे. अत्तर, फूल, तिळगूळ किंवा वाण यांवर सौभाग्याचा शिक्का नसतो.

आता त्या तरुण सभासदांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांचा सूर काहींना खटकला असेल, पण प्रश्न योग्य आहे आणि या दिवसाच्या इतिहासाला धरूनही आहे. जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांनी १९१० मध्ये कोपनहेगन येथील समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत महिला दिनाची कल्पना मांडली, तेव्हा मतदानाचा हक्क हा त्यामागचा मुख्य विषय होता. ८ मार्च ही तारीख १९१७ साली रशियातील पेट्रोग्राडमधील कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांनी भाकरीसाठी केलेल्या संपाशी जोडलेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ मध्ये तो साजरा करण्यास सुरुवात केली. म्हणजे मताचा अधिकार, कामाचे तास आणि मजुरी यांच्या मागणीतून हा दिवस जन्माला आला. पैठणीची सोडत काढायला हरकत नाही, परंतु मत, वेळ आणि पैसा या तीन गोष्टींबद्दल त्या दिवशी आपल्या आवारात काहीच बोलले जाणार नसेल, तर तो दिवस दुसऱ्या एखाद्या तारखेला साजरा केलेला बरा.

मताचेच पाहा. आपल्या संस्थेची सभासद नोंदवही उघडा आणि भागदाखल्यांवर किती ठिकाणी बाईचे नाव पहिले आहे, ते मोजा. सदनिका दोघांच्या नावावर असली, तरी सर्वसाधारण सभेत मत देण्याचा हक्क सहसा पहिल्या नावाच्या व्यक्तीला असतो. दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला तो पहिल्याच्या गैरहजेरीत मिळतो. त्यामुळे दोन्ही नावांचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतूनही संस्थेच्या सभेला बहुतेक पुरुषच येतात, आणि जिच्या स्वयंपाकघरात पाणी येत नाही ती पाण्याच्या ठरावावर मत देत नाही. संस्थेच्या समितीत महिलांसाठी राखीव जागा असतात. आपल्याकडे त्या जागांवरील महिला सभेत बोलतात, की त्यांच्या घरी कागद सहीसाठी पाठवला जातो, हे सचिव म्हणून आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसणार. सभा रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे घरोघरी पोळ्या होण्याच्या वेळी ठेवली जात असेल, तर ती वेळ बदलणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. आणि ८ मार्चच्या कार्यक्रमाचा अल्पोपाहार कोण बनवते, खुर्च्या कोण उचलते आणि भांडी कोण घासते, हेही एकदा पाहा. पाककृती स्पर्धा ठेवायचीच असेल, तर ती पुरुषांसाठी ठेवा आणि परीक्षक म्हणून त्या तरुण सभासदांना बोलवा.

प्रश्न : मी बारावीत शिकते. आम्ही पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतो. माझी आई पाच घरची धुणी-भांडी करते. महिला दिनाला एका इमारतीत सगळ्या कामवाल्या मावशींना गुलाबाचे फूल आणि स्टीलचा डबा दिला, फोटो काढले. आई खूश झाली. पण त्याच आठवड्यात तिला ताप आला आणि दोन दिवस ती गेली नाही, तर त्याच इमारतीतल्या एका घराने तिचा पगार कापला. हे मी कोणाला विचारू?

उत्तर : तू मला विचारलेस, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या पत्रातली गोष्ट या शहरात नवी नाही आणि तिचे उत्तरही याच शहरातल्या बायकांनी एकदा शोधून दाखवले आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला. कोणा मोठ्या पुढाऱ्याने हाक देण्याची वाट न पाहता एका भागातून दुसऱ्या भागात तो पसरत गेला. पगारवाढ, भरपगारी सुट्टी आणि बोनस यांसाठी बायका रस्त्यावर आल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महिन्याच्या ठरावीक सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस या आज अनेक घरांत साध्या वाटणाऱ्या गोष्टी कोणी दयेने दिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे तुझ्या आजीच्या वयाच्या बायकांचा तो संप आहे.

पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांना या मंडळाकडे कामगार खात्यामार्फत नोंदणी करता येते. आईची नोंदणी झालेली नसेल, तर ते काम तू आधी कर. तू लिहू-वाचू शकतेस, अर्ज भरू शकतेस, आणि वस्तीतल्या आणखी पाच-दहा जणींचेही अर्ज भरून देऊ शकतेस. आणखी एक गोष्ट आईला सांगून ठेव : कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगारांचाही समावेश आहे. अशा तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

तापाच्या दिवसांचा पगार देणे घरमालकावर कायद्याने स्पष्टपणे बंधनकारक करण्यात आपण अजून कमी पडलो आहोत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून येथे संघटनेचाच आधार आहे. एकट्या आईने पगाराबद्दल बोलणे आणि त्या इमारतीत काम करणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून महिन्याच्या किती सुट्ट्या भरपगारी, हे एका कागदावर ठरवून घेणे, यांत फार अंतर आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत एकत्र येऊन हेच केले. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुणे महानगरपालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करू लागली. ज्यांना पूर्वी चोर समजून हटकले जाई, त्या ओळखपत्र लावून इमारतीत जाऊ लागल्या.

आणि ज्या वाचकांच्या घरी सकाळी मावशी येतात, त्यांना विनंती आहे की पुढच्या ८ मार्चला गुलाबाच्या आधी भरपगारी सुट्ट्यांचा कागद लिहून द्यावा.

प्रश्न : माझे माहेर इंदापूर तालुक्यात आहे, सासर हडपसरला. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. मृत्युपत्र नाही. दोघे भाऊ आता ‘हक्कसोड पत्रावर सही कर, पुढच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात यायचे आहे,’ म्हणत आहेत. आई म्हणते, ‘भावांनी तुझे लग्न केले, दर भाऊबीजेला साडी करतात, आता जमिनीत तोंड घालू नकोस, माहेर तुटेल.’ हिस्सा मागणे हा लोभ आहे का?

उत्तर : लोभ नाही. हे एकच वाक्य लिहून थांबावे, असे क्षणभर वाटले, कारण आपल्या पत्रातला खरा प्रश्न एवढाच आहे. परंतु ‘माहेर तुटेल’ ही भीती आईने बोलून दाखवली आहे आणि ती खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायदा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, मानले, पण तो लाभ तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली, तेव्हा वडील हयात असायला हवे होते का, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्मानेच येतो आणि त्यासाठी त्या तारखेला वडील जिवंत असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या या दुरुस्तीने मोडत नाहीत. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत असेल, तर ती ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकत होते. मृत्युपत्र नसल्यामुळे ती आई, दोघे भाऊ आणि आपण, अशा चौघांमध्ये सारखी येते. आपल्या आईचाही त्यात हिस्सा आहे. तिने तो कधी स्वतःचा म्हणून उच्चारला आहे का, हे तिला जरूर विचारा.

हक्कसोड पत्र हा पूर्णपणे स्वेच्छेचा दस्त आहे. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेला की परत फिरणे अत्यंत कठीण होते, म्हणून पुढच्या आठवड्यात सही करू नका. ‘वाचून, वकिलाला दाखवून मग सांगते,’ एवढेच भावांना सांगा. तलाठ्याकडे वारस नोंद झाली आहे का आणि सात-बारावर आपले नाव लागले आहे का, हे पाहा. ते लागले नसेल, तर आधी ते लावून घ्या. नाव लागणे म्हणजे लगेच वाटणी मागणे नव्हे, त्यामुळे भावांची वहिवाट दुसऱ्या दिवशी थांबत नाही.

नाव लागल्यानंतर काय करायचे, ते आपण मोकळ्या मनाने ठरवू शकता. जमीन कसणारा भाऊ असेल आणि त्याचे पोट तिच्यावरच असेल, तर आपल्या हिश्श्याच्या बदल्यात रक्कम घेता येते, थोडा भाग ठेवून बाकीचा सोडता येतो किंवा सामायिकही ठेवता येतो. पूर्ण हिस्सा भावांना द्यावा, असेच आपल्याला मनापासून वाटत असेल, तर तेही करा. मात्र ते देणे असेल, आणि देणाऱ्याच्या हातात आधी काहीतरी असावे लागते. आजवर बहिणींनी जे ‘सोडले’ ते त्यांच्या हातात कधी आलेच नव्हते.

भाऊबीजेच्या साडीबद्दल मला राग नाही. त्या ओवाळणीत खरी माया असते आणि माहेरच्या वाटेवर पाऊल पडताच बाईचा जीव कसा हलका होतो, हे मी जाणते. परंतु साडीच्या मायेची किंमत सही म्हणून मागितली जाते, तेव्हा ती माया राहत नाही, आणि हे भावांना शांतपणे बोलून दाखवायला हवे. आपल्या पतीला किंवा दिरांना मध्ये न घेता आपण स्वतः बोला. ‘सासरच्यांनी फूस लावली’ हे वाक्य गावात फार लवकर तयार होते. आपल्या भावांना मुली असतील, तर त्यांनाही त्या बैठकीत बसू द्या.

हे सर्व हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू असलेल्या कायद्याबद्दल आहे. कागदपत्रे न पाहता याहून अधिक सांगणे योग्य होणार नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करा.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि बाणेरला सदनिका घेत आहोत. बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, हे खरे का? ती घ्यावी का?

उत्तर : खरे आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून निवासी घराच्या खरेदीत महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खरेदीदार केवळ महिला असेल तरच ती मिळते, पतीचे नाव जोडल्यास मिळत नाही. सवलत जरूर घ्या, पण कर्जाचे हप्ते आणि घराचे व्यवहारही आपल्या माहितीत राहतील, असे पाहा. दोघांच्या नावावर घ्यायचे ठरवलेत, तर पहिले नाव कोणाचे, हे बिल्डरच्या कार्यालयातील कारकुनाला ठरवू देऊ नका. तो विचारल्याशिवाय पतीचे नाव वर लिहितो, आणि त्याचा परिणाम काय होतो ते पहिल्या उत्तरात आलेच आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. त्याच्या शाळेत पाहुणे आले की मुली औक्षण करतात आणि रांगोळी काढतात, मुले बाके उचलतात. मुलाने रांगोळीसाठी नाव दिले, तेव्हा वर्ग हसला. घरी मी पत्नीला मदत करतो. मुलाला समानता कशी शिकवावी?

उत्तर : आपल्या मुलाने नाव दिले, हीच मोठी गोष्ट आहे. त्याला रांगोळीचे रंग आणून द्या आणि या दिवाळीत दारातली रांगोळी त्याच्याकडे सोपवा. त्याच्या बोटांतून रेघ नीट उतरू लागली की वर्गाचे हसणे फार दिवस टिकणार नाही.

आपल्या पत्रातील ‘मदत करतो’ या शब्दाशी मी थोडी अडखळले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवसभरात बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१ टक्के आणि पुरुषांचे २६ टक्के निघाले. जे घरकाम करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. मदत करणारा मनुष्य सांगितलेले काम करतो. डाळ संपत आली आहे, गणवेश उद्या धुतलेला हवा, सासूबाईंच्या गोळ्या सोमवारी संपतील, हे लक्षात ठेवण्याचे काम त्या मिनिटांतही धरलेले नसते आणि ते बहुतेक घरांत एकटी बाई करते. त्यातले एखादे खाते पूर्णपणे आपल्याकडे घ्या, उदाहरणार्थ सकाळचे डबे : काय करायचे, भाजी कधी आणायची, डबा कोणी घासायचा, सगळे. पत्नीला एकदाही न विचारता ते महिनाभर चालले की मुलाला वेगळे शिकवावे लागणार नाही.

शाळेशी मात्र बोलावेच लागेल. पुण्यात १९२० च्या सुमारास सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा आधी मुलांचे पाहू, मुलींचे नंतर, असे म्हणणारे अनेक प्रतिष्ठित नागरिक होते. रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. मुली शाळेत पोहोचाव्यात म्हणून या शहराने एवढे पाहिले आहे, आणि शाळेत पोहोचल्यावर त्यांच्या हाती आरतीचे तबक दिले जावे, याचे मला वाईट वाटते. मुख्याध्यापकांना सौम्य शब्दांत लिहा की स्वागताची आणि बाके उचलण्याची कामे हजेरीच्या क्रमाने वाटावीत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. शाळेच्या अर्जांवर ‘पालकाचे नाव’ या रकान्यात आईचे नावही चालते, याची आठवण त्याच पत्रात करून द्या. पत्र पाठवताना दोघांच्याही सह्या करा आणि पालकसभेला या वेळी आपण स्वतः जा. अशा विषयावर आईच बोलली, तर ‘घरातले काहीतरी दिसते’ असे म्हणून ते बाजूला ठेवले जाण्याची शक्यता अजूनही आहे.